सलमाच्या उजव्या हातावरचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना चामडी पट्टा आहे. माझ्या अंगाला बकरीचा वास येतो आणि एका कडेला दातांच्या खुणा आहेत. त्यामुळे मला पाहणारा सरळ म्हणतो, हा बकरीच्या गळ्यातला पट्टा. तेही खोटं नाही; पाच वर्षं मी बकरीच्या गळ्यात काढली. पण माझा जन्म त्यासाठी झाला नव्हता. मी कॅमेऱ्याचा हातपट्टा होतो. जालन्यातल्या एका फोटोग्राफर मुलीच्या उजव्या हातावर मी लग्नाचे चार हंगाम बसलो आणि तिचा कॅमेरा एकदाही जमिनीला लागू दिला नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तेवढं सहन करा. अभिमानाने सांगण्यासारखं माझ्याजवळ एवढंच आहे. बाकीचं सांगताना मान खाली जाते.

मला शिवलं गयासोद्दीन उस्तादांनी. जालन्याच्या मस्तगड भागात त्यांचं हातभर दुकान आहे. पूर्वी पोळा जवळ आला की खेड्यापाड्यांतून माणसं त्यांच्याकडे बैलांचे घुंगरांचे पट्टे करायला येत. मग बैल कमी झाले. ट्रॅक्टरला घुंगरं कोण बांधतो? उस्ताद शाळेची दप्तरं, बॅगांच्या चेन, कमरेचे पट्टे असं मिळेल ते शिवू लागले. त्यांची मुलगी सलमा लग्नाचे फोटो काढायची. ज्या घरांत परदा पाळतात तिथे बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही. त्यामुळे जुन्या जालन्यापासून भोकरदनपर्यंत कुठेही निकाह ठरला की मंडपाच्या आधी सलमाची तारीख विचारली जायची.

कॅमेऱ्यासोबत कंपनीने गळ्यात अडकवायचा एक लांब पट्टा दिला होता. तो माझा थोरला भाऊ म्हणायचा, पण त्याच्याविषयी माझ्या तोंडून चांगलं निघत नाही. तो सलमाच्या ओढणीत गुंतायचा. ती फोटोसाठी वाकली की कॅमेरा पुढे झुलून एखाद्या लेकराच्या डोक्यावर आपटायचा. एकदा तर तो दालच्याच्या, म्हणजे चिंच घातलेल्या डाळ-मटणाच्या, पातेल्यावर जाऊन टेकला आणि कॅमेऱ्याला आठ दिवस चिंचेचा वास येत होता. मान दुखायची ती वेगळीच. एका संध्याकाळी ती मान चोळत दुकानात येऊन बसली. उस्तादांनी कॅमेरा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि बैलाच्या पट्ट्यातून उरलेला म्हशीच्या कातड्याचा एक तुकडा काढला.

त्यांनी मला रापीने कापलं, आरीने भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं. आतल्या बाजूला, जिथे हाताची पाठ टेकते, तिथे जुन्या घोंगडीचा तुकडा घालून त्यावर मऊ अस्तर लावलं. माझं वरचं टोक कॅमेऱ्याच्या बटणाजवळच्या कडीत गेलं. खालच्या टोकाला पितळेची पट्टी होती, ती कॅमेऱ्याच्या बुडाला असलेल्या भोकात स्क्रूने घट्ट बसली. सलमाने माझ्यात हात घातला. पहिल्या भोकात बक्कल लावलं तर कॅमेरा हातात डुलत होता. दुसऱ्या भोकात बोटांना मुंग्या आल्या. मग उस्तादांनी दोन्हींच्या मधोमध एक भोक पाडलं आणि तिथे मी बराबर बसलो. मूठ सैल सोडली तरी कॅमेरा हाताला चिकटून राहायचा, आणि बोट मात्र बटणापर्यंत सहज पोचायचं. सगळं वजन बोटांवर न येता हाताच्या पाठीवर पसरायचं. सलमा दिवसभर उभी राहिली तरी तिचा हात भरून येत नसे. ती कौतुकाने म्हणायची, अब्बांनी मला सहावं बोट शिवून दिलं. मी फुगून जायचो.

उस्तादांनी माझ्या आतल्या बाजूला एक छोटा कप्पाही केला होता, तावीज ठेवावा तेवढा. त्यात सलमा कॅमेऱ्याचं एक कोरं मेमरी कार्ड ठेवायची.

आता तिची कामाची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बायकांच्या बाजूचे फोटो म्हणजे घराची अब्रू. मेंदीच्या कार्यक्रमात बायका मोकळ्या डोक्याने बसतात, गातात, नाचतात. दाराशी एक परात ठेवलेली असते आणि आत येणारी प्रत्येक जण आपला मोबाईल त्यात टाकून येते. आत कॅमेरा असतो तो एकट्या सलमाचा. म्हणून काम सुरू होण्याआधी ती दोन्ही कोरी कार्डं नवरीच्या आईसमोर धरायची. प्रत्येक कार्डावर कागदी टेपची चिंधी लावलेली असे आणि तिच्यावर आईने स्वतःच्या अक्षरात मुलीचं नाव लिहायचं. पहिलं कार्ड कॅमेऱ्यात, दुसरं माझ्या कप्प्यात. पहिलं भरलं की ते बॅगेतल्या स्टीलच्या डबीत बंद व्हायचं. कार्यक्रम संपला की जेवायच्या आधी दोन्ही कार्डं आईच्या हातात. पुढे अल्बमच्या वेळी आई ती कार्डं घेऊन सलमाच्या घरी यायची, शेजारी बसून फोटो निवडायची आणि कार्डं परत घेऊन जायची. सलमाजवळ एकही फोटो राहत नसे. लोक तिच्या फोटोंपेक्षा तिच्या या शब्दाला जास्त मानत.

चौथ्या हंगामात माझ्या कप्प्याच्या तळाशी अस्तराचा एक टाका सुटला. उस्तादांच्या नजरेतून ते सुटलं नाही. ते म्हणाले, ठेवून जा, शिवून देतो. सलमा म्हणाली, एवढा हंगाम उरकू द्या अब्बा, मग निवांत द्या शिवून. खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटलं. एका टाक्यासाठी घरी बसायचं माझ्याही जिवावर आलं होतं. मी इतका घट्ट, इतका नावाजलेला. एका टाक्याने माझं काय बिघडणार, असं मला वाटलं.

त्याच हंगामात भोकरदनचं लग्न आलं. महजबीन नावाच्या बाईंच्या मुलीचं, आसिफाचं. नवरदेवाला सुट्टी कमी होती, म्हणून सकाळी मेंदी आणि संध्याकाळी निकाह असं एकाच दिवसात उरकायचं ठरलं होतं. महजबीन मोठी प्रेमळ बाई. तिने दोन्ही चिंध्यांवर उर्दूत ठसठशीत अक्षरांत लिहिलं, आसिफा, मेंदी, एक. आसिफा, निकाह, दोन. मग तिची नजर सलमाच्या हातांकडे गेली. लग्नघरात हात कोरे कसे, असं म्हणत तिने सलमाला खाली बसवलं. सलमा नको नको म्हणत होती. शेवटी तडजोड झाली की उजवा हात पट्ट्यात राहील आणि डाव्या हाताला मेंदी लागेल. महजबीनने स्वतः तिच्या डाव्या तळव्यावर वेल काढली.

मेंदी ओली होती आणि तेवढ्यात मैत्रिणींनी आसिफाला नाचायला उठवलं. ती पोरगी जन्मात कधी कोणासमोर नाचली नव्हती. सगळ्या बायका टाळ्या पिटू लागल्या आणि ऐन वेळी पहिलं कार्ड भरलं. बॅगेची चेन उघडायला, डबीचं झाकण काढायला दोन हात लागतात. सलमाने कॅमेरा मांडीवर टेकवला, उजवा हात माझ्यातून काढला आणि त्याच्याच बोटांनी माझ्या कप्प्यातलं कोरं कार्ड काढून कॅमेऱ्यात सरकवलं आणि भरलेलं कार्ड अंगठ्याने माझ्या कप्प्यात ढकललं. मेंदी वाळेपर्यंत राहू दे इथे, असंच तिच्या मनात असणार. ते कार्ड सुटलेल्या टाक्यातून आत घसरलं आणि अस्तर आणि घोंगडी यांच्यामध्ये जाऊन बसलं. मला ते कळलं. मला वाटलं, बघा, डबीपेक्षा माझ्यावर विश्वास जास्त. मी ते घट्ट धरून ठेवलं.

मग मेंदी वाळली, धुतली गेली, वऱ्हाड आलं, निकाह झाला. संध्याकाळी सलमा रीतीप्रमाणे महजबीनसमोर बसली. कॅमेऱ्यातलं दोन नंबरचं कार्ड तिने दिलं आणि डबी उघडली. डबी रिकामी होती.

तिने बॅग चादरीवर ओतली. बायका भोवती जमल्या. शंभर लग्नांत तिने भरलेलं कार्ड डबीतच ठेवलं होतं, त्यामुळे आजही आपण ते डबीतच ठेवलं, असं तिला अगदी स्पष्ट आठवत होतं. सवय माणसाला असंही फसवते. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मैं मेरे हाथ से डब्बी में रखी थी खाला. किसीने निकाला है."

महजबीनचा चेहरा बदलला. लग्नाला आलेल्या आपल्या बहिणी, नणंदा, शेजारणी यांच्याकडे तिने एकवार पाहिलं.

"मेरे घर में चोर है बोलती तू? चोर तो तू है. मेरी बच्ची के फोटो किसको बेचने को रखी?"

मी तिथेच होतो, मित्रांनो. चादरीवर, कॅमेऱ्याला चिकटून, त्या दोघींपासून वीतभर अंतरावर. मला तोंड असतं तर एका शब्दात सगळं मिटलं असतं. सलमा न जेवता उठली. बसमध्ये ती डावा हात ओढणीखाली लपवून बसली होती, कारण चोर म्हणणाऱ्या बाईनेच काढलेल्या त्या मेंदीला गडद रंग चढला होता.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं पुन्हा शोधलं. माझ्या कप्प्यातही बोट घातलं. बोट कप्प्याच्या तळाला लागलं आणि परत आलं. वरून चाचपून पाहिलं तर जाड कातड्यातून काय कळणार? उस्तादांनी विचारलं, तेव्हा तिने शपथेवर सांगितलं की कार्ड डबीतच ठेवलं होतं. मग त्यांनी मला हातही लावला नाही.

वाईट बोलणं फार जल्दी चालतं. आम्ही जालन्याला परतून दोन दिवस झाले नव्हते, तोवर पुढच्या आठवड्याच्या लग्नवाल्यांचा निरोप आला की आम्ही दुसरं बघितलं आहे. मग आणखी दोघांचा. एका घरातून तर ती कार्यक्रमाला पोचल्यावर परत पाठवली गेली. मी त्या लोकांना दोष देत नाही. आपली लेक कोणाच्या तरी मोबाईलवर नाचताना दिसेल ही भीती लहान नसते. महजबीनचं तर झोपेचं खोबरं झालं होतं. घरात कोणी नवा फोन आणला, कोणी फोन बघून हसलं की तिला वाटायचं, तेच फोटो असतील. हे तिने पुढे स्वतः सांगितलं. ती भीती सहा वर्षं माझ्या अस्तरात निजून होती आणि तिकडे ती बाई जागी होती.

पुढच्या हंगामात सलमाला एकही काम आलं नाही. तिने कॅमेरा विकला. घेणाऱ्याला गळ्यातलाच पट्टा हवा होता, म्हणून तिने माझा स्क्रू सोडवला आणि मला अब्बांच्या दुकानात आणून दिलं. ती आता शाळेचे गणवेश शिवते. मी तुकड्यांच्या पेटीत जाऊन पडलो. सुटलेला टाका तसाच होता. कॅमेराच नाही म्हटल्यावर तो शिवायची गरज कोणाला?

थोड्याच दिवसांनी उस्तादांच्या दुकानात गोपिकाबाई आल्या. त्यांचं सगळं घराणं शेळ्यामेंढ्यांमागे फिरणारं; आता त्या मस्तगडच्या मागच्या अंगाला राहतात आणि तीन बकऱ्या पाळतात. त्यांना एका बकरीसाठी पट्टा हवा होता. उस्तादांनी मला पेटीतून काढलं, माझी पितळी पट्टी उतरवली, टोकाला वीतभर कातडं जोडलं, एक कडी लावली आणि मला तसंच देऊन टाकलं. ज्या पट्ट्याने निकाह पाहिले तो आता पाला पाहू लागला. बकरी तशी गुणी होती, पण तिच्या गळ्यात मला जपून धरायला काही नव्हतं. मी तिच्या घामात भिजायचो, उन्हात वाळायचो, पुन्हा भिजायचो. कार्ड माझ्या आतच होतं. गोपिकाबाई मात्र शेजारणींना सांगायच्या की असा मजबूत पट्टा बाजारात मिळायचा न्हाई. ते ऐकून पूर्वी मी फुगलो असतो.

या वर्षी दुसऱ्या बकरीने माझी कड चावली आणि गोपिकाबाई मला घेऊन पुन्हा दुकानात आल्या. "गयासभाई, चावून ठिवला बघा हिनं. बराबर शिवून द्या, लई कामाचा पट्टा हाय."

उस्तादांनी रापीने अस्तर उसवलं. कार्ड त्यांच्या मांडीवर पडलं. त्यांनी ते उचलून चिंधीवरचं वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. गोपिकाबाईंनी विचारलं, काय निघालं?

"ज्याच्यापायी माझी पोरगी चोर ठरली ना बाई," ते म्हणाले, "ते हे."

गोपिकाबाईंनी पट्टा परत मागितला नाही. त्या बकरीला दोरी बांधून घेऊन गेल्या.

सलमाला बोलावलं तेव्हा तिने आधी कार्डाकडे पाहिलं, मग स्वतःच्या डाव्या तळव्याकडे. तिला तेव्हा सगळं आठवलं. ओली मेंदी, टाळ्या, अंगठा. ती रडली, पण मला वाटलं होतं तशी सुटकेने नाही. "मैंच रखी थी अब्बा," ती म्हणाली. "और मैं उनके घर की औरतों पे इल्जाम डाली." चूक आपल्या बाजूनेही होती, हे कळल्यावर सहा वर्षांचं दुःख हलकं न होता उलट जड झालं. शेजारच्या दुकानात कॉम्प्युटर होता, पण तिने कार्ड त्यात घातलं नाही. आईच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही ही तिची रीत होती. तिने कार्ड पुन्हा माझ्या आत ठेवलं आणि आम्ही भोकरदनच्या बसमध्ये बसलो.

दार महजबीननेच उघडलं. केस पांढरे झाले होते. तिने सलमाला ओळखलं, आत घेतलं, पण बस म्हणाली नाही. सलमाने मला तिच्या हातात दिलं आणि आतलं कार्ड स्वतःच काढायला सांगितलं. महजबीनने ते काढलं. चिंधी तपकिरी झाली होती, अक्षरं पुसट झाली होती, तरी स्वतःचं अक्षर कोणाला ओळखू येत नाही? आसिफा माहेरी आलेली होती. तिने आपला लॅपटॉप आणला. कार्डाच्या पितळी रेघांवर हिरवं चढलं होतं. तिने ते पुसून पुसून तीनदा लावलं. काहीच उघडलं नाही. तिचं ते नाचणं, त्या टाळ्या, सगळं गेलं होतं. मी सहा वर्षं घट्ट धरून ठेवलं होतं ते एवढ्यासाठी.

सलमाने हात जोडले. त्या दिवशी किसीने निकाला असं आपण बोललो, त्याची माफी मागितली. महजबीनने ते हात धरून तिला खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"तू एक बार बोली बेटी. मैं सौ औरतों के सामने बोली. अब वो सब कू कहाँ से जमा करूं?"

मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने फोन घेतला आणि लग्नाला आलेल्या बायकांना एकेक करून लावू लागली. पहिला नंबर लागलाच नाही. दुसरी वारली होती, तिच्या सुनेने सांगितलं. तिसरी मिळाली. महजबीनने फोनचा आवाज मोठा केला, सलमाला ऐकू यावं म्हणून. त्या बाईला लग्न कोणत्या महिन्यात होतं तेही आठवत नव्हतं. सलमाचं नाव घेतल्यावर मात्र ती लगेच म्हणाली, "हौ, वो कार्ड चुरानेवाली ना?"

महजबीनने तिला सगळं सांगितलं. मेंदी, पट्टा, सुटलेला टाका, बकरीसुद्धा. पलीकडून उत्तर आलं, "अच्छा." आणि त्या बाईने विचारलं, आसिफाला आता मुलं किती.

मित्रांनो, मी आता सलमाच्या शिलाई मशीनजवळच्या खिळ्याला टांगलेला आहे. कॅमेरा पुन्हा घ्यावा असं उस्ताद म्हणतात. ती हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तुमच्याकडे एखादा पट्टा असेल, दप्तराचा, सायकलचा, कॅमेऱ्याचा, तर त्याला वेळेवर तेल लावा, त्याचा स्क्रू पाहा, सैल टाका त्याच दिवशी शिवून घ्या. आणि एखादी वस्तू सापडली नाही तर ती वस्तूच शोधा, माणूस शोधू नका. मी मुका होतो, माझा इलाज नव्हता. तुम्हाला तोंड आहे, म्हणून ते उघडण्याआधी माझ्यासारखा एखादा कप्पा उसवून पाहायचा राहिला नाही ना, एवढं बघा. सलमा चोर आहे हे सगळ्यांना कळायला दोन दिवस पुरले होते. ती चोर नव्हती हे महजबीन अजून एकेकीला फोन करून सांगते आहे. परवा तिने सलमाला कळवलं की एकवीस जणी झाल्या. त्या एकवीस जणींपैकी एकीनेही अजून सलमाला फोन केलेला नाही.